वाटाड्याचे नाव

रविवारी पहाटे डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या फलाटावर कसाऱ्याकडे अथवा कर्जतकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मंडळी हटकून दिसतात. कोणी गोरखगडाला निघालेले असतात, कोणी सिद्धगडाला, कोणी माथेरानच्या एखाद्या अवघड वाटेने. संध्याकाळी परतल्यावर त्यांतले काही जण त्या दिवसाविषयी लिहितात. मराठीत असे लेखन आता मुबलक आहे आणि त्यातले बरेचसे मनापासून केलेले आहे. या लेखनात एक पात्र वारंवार भेटते. वाट चुकल्यावर कुठून तरी एक ठाकर किंवा कातकरी येतो, कोयत्याने कारवी बाजूला सारत वाटेला लावून देतो, पैसे घ्यायला आढेवेढे घेतो आणि झाडीत दिसेनासा होतो. त्याच्या साधेपणाचे कौतुक होते. त्याचे नाव मात्र क्वचितच लिहिलेले असते.

प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या नावाविषयी आहे. नाव न विचारणे ही एखाद्या लेखकाची विस्मृती असती, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांचा आणि जंगलांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा लिखित इतिहास पाहिला, तर हे मौन फार जुने आहे आणि त्याला कारणे आहेत असे दिसते. येथे ठाणे जिल्हा म्हणजे जुना ठाणे जिल्हा समजावा. पालघर त्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधी कर्जत-माथेरानचा भाग कुलाब्याकडे गेला. डोंगर आणि त्यांतली माणसे मात्र सलगच राहिली.

आरंभ माथेरानपासून करणे सोयीचे आहे, कारण हौसेखातर डोंगरावर जाण्याची आधुनिक चाल या भागात तेथून रुजली. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे होता. समोरच्या डोंगराचा मोह पडून ते वर गेले आणि गारव्याने व झाडीने हरखले. थोड्याच वर्षांत तेथे बंगले उभे राहिले. हा प्रसंग आजही ‘माथेरानचा शोध’ या शीर्षकाखाली सांगितला जातो. येथे ‘शोध’ या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ज्या डोंगरावर धनगरांची गुरे चरत होती, ज्याच्या उतारांवर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या होत्या, तो डोंगर हरवलेला नव्हता. मॅलेट ज्या वाटेने चढले ती वाट कोणाच्या तरी पायांनी आधीच मळलेली होती आणि ती दाखवायला पायथ्याचा माणूस लागला होता. कलेक्टरांचे नाव तेथल्या झऱ्याला मिळाले. त्या माणसाचे नाव कशालाच मिळाले नाही.

१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे खंडांत माथेरानला बरीच पाने दिलेली आहेत. त्याआधी १८७१ मध्ये डॉ. जॉन स्मिथ यांनी या डोंगरावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. डोंगराची माणसे, वनस्पती आणि प्राणी असा त्याच्या शीर्षकातलाच क्रम आहे. वाचकांनी या क्रमाचा विचार करावा. माणसे पहिल्या स्थानी आहेत हे खरे, परंतु ती ज्या यादीत आहेत ती निसर्गाच्या नोंदींची यादी आहे. त्यांच्या चालीरीती, पेहराव, खाणेपिणे बारकाईने टिपलेले असते. त्यांना या डोंगराविषयी काय वाटते हे विचारलेले नसते. पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा ही विभागणी येथे पक्की झाली. पुढील काळातल्या आपल्या प्रवासवर्णनांनीही ती फारशी मोडली नाही.

हवा खायला वर जाणाऱ्यांना कोणीतरी वाहून न्यावे लागे. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली तरी गावातल्या तांबड्या वाटांवर माणसाने ओढायची रिक्षा चालूच राहिली. मोटारींना बंदी असल्यामुळे माथेरान शांत व निर्मळ राहिले हे आपण अभिमानाने सांगतो. २००३ मध्ये या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोही योग्यच होता. पण ती निर्मळता ज्यांच्या खांद्यांवर आणि दंडांवर उभी होती त्यांचा प्रश्न ऐरणीवर यायला फार काळ जावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. निसर्ग राखणे आणि माणसाला माणूस मानणे या दोन गोष्टींचा हिशेब एकाच वहीत मांडायला एवढा उशीर झाला.

मॅलेट यांच्या त्या चढाईनंतर चारच वर्षांनी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. रेल्वेला लाकूड हवे होते, वाढत्या मुंबईला जळण आणि कोळसा हवा होता. जंगल ही मौल्यवान वस्तू आहे हे सरकारच्या ध्यानी आले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित असे जंगलाचे वर्ग पाडले. पूर्वी जे वहिवाटीने चालत होते ते यापुढे सरकारच्या मर्जीने मिळणारी सवलत ठरले. कातकऱ्यांचे नावच ज्या धंद्यावरून पडले तो खैरापासून कात काढण्याचा धंदा याच काळात त्यांच्या हातून निसटत गेला. एका समाजाचे नाव उरले आणि त्या नावामागचा उद्योग गुन्ह्याच्या कक्षेत गेला, असे भाषेच्या इतिहासात फार वेळा घडत नाही. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि झाडाखाली पडलेले फूल गोळा करून घरात ठेवणे हीसुद्धा संशयास्पद बाब झाली.

ठाणे जिल्ह्यात या कायद्याचा सर्वांत मोठा घाव पडला तो राबावर. भाताचे रोप तयार करण्याआधी वाफ्यावर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचा थर पसरून तो भाजणे म्हणजे राब. कोकणपट्टीतल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने राबाशिवाय भात नाही. वनखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे झाडांची कत्तल. या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राबाचा प्रश्न त्यात सविस्तर चर्चिला गेला. ठाण्यातील जमीनदार, वकील आदी मंडळींनी संस्था स्थापून प्रजेची बाजू आयोगापुढे मांडली, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि, मांडणारा वर्ग आणि राब भाजणारा वर्ग एक नव्हता. जमीनदाराला आपल्या वरकस जमिनीवरील झाडांचा हक्क हवा होता, वारल्याला रानात शिरण्याची मोकळीक हवी होती. निवेदनांत ही दोन्ही दुःखे एकाच ‘रयते’च्या नावाने लिहिली गेली. तक्रार नोंदली गेली, पण तिच्या आतला सर्वांत क्षीण आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळून गेला.

याच दशकातले १८८३ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत सहा इंग्रज होते; डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. भारतातील निसर्गाभ्यासावर या संस्थेचे उपकार मोठे आहेत. त्याच वर्षी पुण्यात महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण करीत होते. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याने गिळल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, हा फुल्यांचा आरोप त्या ग्रंथात आहे. आपल्या निसर्गविचाराची ही दोन उगमस्थाने एकाच वर्षातली आहेत. पुढे पक्षिनिरीक्षण, निसर्गसहली, अभयारण्ये हा प्रवाह पहिल्यातून वाढला. दुसरा प्रवाह शेतकरी चळवळीचा, जातिविरोधी चळवळीचा म्हणून वेगळ्या कप्प्यात वाचला गेला. ‘असूड’ हा ग्रंथ जंगलाविषयीही काही सांगतो, हे आपल्या वर्गांतून किती वेळा सांगितले जाते?

डोंगरावर कोणाचे स्वागत होते हा प्रश्न जातीपासून सोडवता येत नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळच्या सहलीला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून ते थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी प्रवेशद्वाराजवळच्या तळ्यातले पाणी घेतले, आणि तळे बाटवल्याचा आरडाओरडा होऊन जमाव गोळा झाला. पुष्कळ वादावादीनंतर त्यांना आत सोडले, ते पाण्याला कोठे हात लावू नये म्हणून बरोबर एक सशस्त्र शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. मराठी दुर्गसाहित्याच्या कोणत्याही संकलनात हा उतारा घेतला पाहिजे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण किल्ल्याचे पाणी पिऊन तृप्त होणे हा आपल्या भ्रमणवर्णनांतला एक ठरलेला आनंदाचा क्षण आहे. हे टाके, ते टाके, त्याची चव, त्याचा गारवा. ते पाणी प्यायला कोणाला मोकळीक होती, हा प्रश्न त्या आनंदाच्या आधीचा आहे.

आता पुन्हा कल्याण तालुक्यात येऊ. टिटवाळा म्हटले की महागणपती आठवतो. जानेवारी १९४५ मध्ये त्याच टिटवाळ्यात महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली होती. तिला उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली आले. त्यांनी वेठबिगारीची कहाणी सांगितली. परत जाऊन त्यांनी आणि गोदावरी व शामराव परुळेकरांनी जे काम उभे केले ते सर्वश्रुत आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. पुढे गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीचे दर हे लढ्याचे विषय झाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

जंगलाच्या इतिहासाच्या दृष्टीने या लढ्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. ठेकेदारांच्या तोडीत झाडांवर कुऱ्हाड चालवणारे हात वारल्यांचे होते. लाकूड शहरात जात होते, पैसा ठेकेदाराकडे जात होता आणि जंगल उजाड झाल्याचा बोल मात्र वारल्याला लागत होता. संपाची मागणी पुरी मजुरी मिळावी ही होती, आणि त्या मागणीतून जंगल नेमके कोण, कोणासाठी तोडते आहे हेही प्रथमच जाहीरपणे उघड झाले. त्याच १९४५ साली के. जे. सावे या सरकारी अधिकाऱ्यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी एक समाज एका ग्रंथाचा विषय झाला आणि एका लढ्याचा कर्ताही झाला.

गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये आले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्याच्या विद्यार्थ्याने ते केवळ चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचू नये. त्यात माणसे नावानिशी येतात. पाडा, माणूस, त्याचे बोलणे, त्याची भीती आणि भीती गेल्याची खूण, असा त्या लेखनाचा क्रम आहे. तरीही ते पुस्तक बाहेरून आलेल्या, शिकलेल्या बाईचे आहे आणि त्याची जाणीव त्या स्वतः लपवत नाहीत. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता पुढे हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारते. आपले दुःख आपल्यालाच व्यासपीठावरून दुसऱ्याने सांगावे, यातली विसंगती त्या कवितेने मराठी वाचकांसमोर ठेवली. सहानुभूतीने लिहिणाऱ्याने तिच्यापुढे काही काळ गप्प बसणे उचित आहे.

१९४५ च्या आधीचा एक धागा येथे जोडला पाहिजे. भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. पाहुण्यांसाठी वसलेल्या त्या गावात ते सेवेकऱ्यांच्या बाजूने वाढले. वकील झाले, कर्जत भागातल्या शेतकऱ्यांत काम केले आणि १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगडाला जाणारे भटके त्यांच्या स्मारकापाशी थांबतात, ही समाधानाची बाब आहे. पण आपल्या किल्ल्यांच्या इतिहासात शिवकाल संपला की एकदम गिर्यारोहकच येतात. मधल्या काळात या डोंगरांनी कोणाला आसरा दिला, दस्त्याच्या लोकांना रानात भाकरी आणि पाणी कोणत्या वाड्यांनी पोहोचवले, हे प्रकरण बहुधा कोरे असते. अशा आसऱ्यावाचून महिनोन्महिने रानात तग धरता येत नाही, हे डोंगरात एक रात्र काढलेल्या कोणालाही समजेल.

गो. नी. दांडेकरांचे स्मरण केल्याशिवाय या विषयाची मांडणी अपुरी राहील. ‘दुर्गभ्रमणगाथे’ने आणि त्यांच्या प्रत्यक्ष पायपिटीने कित्येक पिढ्यांना घराबाहेर काढले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतून सह्याद्रीकडे जाणारी वाट मोठ्या प्रमाणावर त्यांच्या शब्दांनी आखली. वर मांडलेल्या विधानाला सर्वांत मोठा अपवादही त्यांचाच आहे. ‘जैत रे जैत’ ही कादंबरी ठाकरांच्या जगात उभी राहून लिहिलेली आहे. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा तो डोंगर, ते मध, तो ढोल महाराष्ट्रभर पोहोचले. म्हणजे मराठी लेखकाला ठाकर दिसला नाही असे म्हणता येत नाही. फरक असा, की कादंबरीत ठाकर नायक झाला आणि भ्रमणवृत्तात तो वाटाड्याच राहिला. कथेत त्याच्या मनाला जागा आहे. ‘खऱ्या’ डोंगराच्या वर्णनात मात्र जागा इतिहासाला आणि निसर्गाला दिलेली आहे. तो इतिहास छत्रपतींच्या काळापाशी थांबतो आणि निसर्ग माणसाविना असतो. माचीवर जे गाव आहे ते दोन्हींत बसत नाही. तेथे फक्त जेवणाची सोय होते.

ठाण्याच्या वेशीवरचे येऊर हे या साऱ्या इतिहासाचे आजचे ठिकाण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्र मुंबई आणि ठाणे यांच्यात विभागलेले आहे आणि त्याचा अर्ध्याहून अधिक भाग ठाण्याच्या बाजूला आहे. हे जंगल एवढ्या मोठ्या शहरात टिकले त्याचे एक कारण पाणी. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले, मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी भोवतीचे पाणलोट राखले गेले. पाटोणापाडा, जांभूळपाडा यांसारखे पाडे या जंगलाच्या अंगाखांद्यावर आहेत. सकाळी उपवनवरून येऊरच्या चढाला फिरायला येणाऱ्या ठाणेकरांना हे पाडे दिसतात. किंबहुना, त्या रस्त्याने खाली जाणाऱ्या कामकरी बाया आणि वर जाणारे फिरस्ते एकमेकांना रोज ओलांडतात.

१९९५ मध्ये उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मे १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले आणि पुढील काही वर्षांत झोपड्या मोठ्या संख्येने पाडल्या गेल्या. पुनर्वसनासाठी आधी कल्याणजवळच्या शिरढोणची जागा सुचवण्यात आली. रोजगारापासून ती इतकी दूर होती की लोकांना ती परवडणारी नव्हती. नंतर निवारा हक्क सुरक्षा समितीच्या पुढाकाराने चांदिवलीचा मार्ग निघाला. शहराला जंगलाची नितांत गरज आहे आणि ती याचिका नसती तर उद्यानाचे मोठे लचके तोडले गेले असते, हे मान्य केलेच पाहिजे. पण ‘अतिक्रमण’ हा शब्द एकदा वापरात आला की त्याच्या कक्षेत कोण येते हे पाहण्याची उसंत कोणालाच राहत नाही. कालपरवा आलेली झोपडी, उद्यान होण्यापूर्वीचा पाडा आणि डोंगरकडेला उभा राहिलेला बंगला यांच्यातला भेद कागदावर सिद्ध करण्याचे ओझे पाड्यावर पडले. ज्याच्याकडे कागद सर्वांत कमी, त्याच्याकडेच पुरावा सर्वांत जास्त मागितला गेला.

अलीकडे चित्र बदलले आहे, परंतु ते पूर्णतः सुखावणारे नाही. वारली वाघदेवाला पुजतात, वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. बिबट्यांच्या सान्निध्यात राहण्याचे शहाणपण या परंपरेत आहे असे आता संरक्षणाचे अभ्यासकही सांगतात. ते खरे आहे. वारली चित्रे भिंतींवर, प्रवेशद्वारांवर, फलकांवर जागोजाग दिसतात. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हा साऱ्यांना आनंद देणारा प्रसंग होता. तरी मनात येते, की ज्याला काल अतिक्रमक म्हटले त्यालाच आज सहजीवनाचा दाखला म्हणून पुढे केले जाते, आणि दोन्ही वेळी त्याच्याविषयी बोलणारे दुसरेच असतात. चित्राचेच पाहा. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आणि तो चालू असताना गाणाऱ्या धवलेरी यांची ही मूळची कला. बाजारात आणि प्रसिद्धीत ती आली तेव्हा नाव झाले ते बहुतेक पुरुष चित्रकारांचे. अनामिकांच्या रांगेतही शेवटी कोणी तरी अधिक अनामिक असते, आणि ती बहुधा स्त्री असते.

२००६ च्या वनहक्क कायद्याची उद्देशिका साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला अशी कबुली त्यात संसदेने दिली आहे. कायद्याच्या भाषेत असा पश्चात्ताप दुर्मीळ असतो. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतील रहिवाशांनाही तो कायदा लागू आहे, आणि ग्रामसभेला हक्कांच्या निर्णयप्रक्रियेत स्थान आहे. येथे एक सूक्ष्म बदल आहे. हक्काचा पुरावा म्हणून या कायद्याच्या नियमांनी सरकारी कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही ग्राह्य धरले. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण ही पुरावा झाली. १८८५ च्या आयोगापुढे जो आवाज दुसऱ्याच्या निवेदनात विरघळला होता, त्याला निदान कायद्याने स्वतःच्या तोंडाने बोलण्याची सोय केली. अंमलबजावणीत ती सोय किती उतरली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. डोंगरावर आनंदासाठी जाणाऱ्या माणसाने एवढा इतिहास का वाहावा? आठवडाभर लोकलच्या गर्दीत पिचलेल्या डोंबिवलीकराला एक दिवस मोकळा श्वास घ्यायचा असतो. त्याला अपराधी ठरवून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. डोंबिवलीचा भटका हा मॅलेट नव्हे. त्याच्याही घरात दोन पिढ्यांपूर्वी कोणी गाव सोडून आलेले असते, आणि डोंगराची ओढ ही पुष्कळदा त्या सुटलेल्या गावाचीच ओढ असते. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा करता येते. ज्याला आपले मूळ कोठे तरी राहून गेल्याची खंत आहे, त्याला दुसऱ्याचे मूळ उपटले जाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अपेक्षाही मोठी नाही. पुढच्या वेळी वाट दाखवणाऱ्याला नाव विचारावे, त्याची वाडी विचारावी, आणि त्याची हरकत नसेल तर दोन्ही लिहावे. त्याच्या भाषेत त्या सुळक्याला, त्या ओढ्याला, त्या झाडाला काय म्हणतात तेही टिपून घ्यावे. आपल्या नकाशावरचे नाव आणि त्याचे नाव एक नसेल, तर दोन्ही नावे ठेवावीत. शिक्षकांनी प्रवासवर्णन शिकवताना ‘या मजकुरात कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही’ एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहावा. पाठ्यपुस्तकातला कोणताही उतारा या प्रश्नापुढे वेगळा दिसू लागतो. आणि पाड्यांवरून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या डोंगराविषयी लिहायला सांगावे, आपल्या निबंधाच्या साच्यात न बसवता.

मॅलेट यांच्या पुढे चालणाऱ्या त्या माणसाचे नाव आता कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. तो चढ त्याच्या ओळखीचा होता, पाणी कोठे मिळते हे त्याला ठाऊक होते, आणि साहेबाला वर पोहोचवून तो संध्याकाळी आपल्या घरी परतला असेल. त्याने घरी काय सांगितले असेल? आपला डोंगर आज कोणाला तरी ‘सापडला’, ही बातमी त्याला कळायलाही बहुधा बरीच वर्षे लागली असतील.